कधी उठतो, कधी नाही

बुरुल-एजे लॅपटॉप आणते कोटाच्या आतून,
थंडीत जन्मलेलं कोकरू आणावं तसा, पोटाशी धरून.
"कधी उठतो, कधी नाही," म्हणते.
"अपडेट केलं त्या दिवसापासून."
बाहेर नारीनमध्ये उणे चोवीस.

ती गुरांची डॉक्टर. या यंत्रात
नऊ गावांतल्या मेंढ्यांच्या लशी आहेत,
कानातल्या बिल्ल्यांचे आकडे,
आणि कोणत्या मालकाने पैसे बुडवले तेही.

माझ्यासमोर तो पहिल्या झटक्यात उठतो.
अर्थात. डॉक्टर दिसला की ताप उतरतो.
हे मी तिलाच सांगितलं. ती हसली नाही.

रात्री दुकानाचं शटर ओढून मी वही उघडतो, रेघा मारतो:
उठला, उठला, नाही, उठला, नाही, नाही.
तळ्यात, मळ्यात.
साफ मेलेल्या यंत्राची मला भीती वाटत नाही,
ते निदान शब्दाला जागतं.
हे असं अर्धंमुर्धं रात्र खातं.

रॅम बदलली. केबल काढून पुन्हा खोचली.
डिस्क तपासली, निर्दोष.
शेगडीजवळ ठेवून पाहिला, खिडकीत गारठवून पाहिला.
गारठला की जरा जास्त अडतो, पण जराच,
त्यावर शपथ घेता येणार नाही.

मग मेनूतून जुना कर्नल निवडला.
चाळीस वेळा सुरू केला, चाळीस वेळा उठला.
नवा: चाळिसात सत्तावीस.

पहाटे तीनला पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा
फोनने फोटो काढला, बोटांनी मोठा करून वाचला,
आणि वाटलं, अरे, याला नुसती घाई आहे.

जुना पायऱ्या चढत यायचा, मध्ये दम खायचा,
तोवर डिस्क डोळे चोळून उठून बसलेली असायची.
नवा धावत दारात येतो, एकदाच हाक मारतो,
ओ मिळाली नाही की घर रिकामं समजतो
आणि उंबऱ्यावरच हातपाय गाळतो.
घर रिकामं नसतं.
आतून कुणीतरी "आले, आले" म्हणत असतं,
अंधारात चप्पल शोधत.

सुरुवातीच्या ओळीत मी एवढंच जोडलं: रूटडिले, दहा.
दहा सेकंदं थांब. मग विचार.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीसही.
तरी बटण दाबताना दर वेळी
अंगठा क्षणभर वरच राहतो.

"झाला बरा?" एजे विचारते.
किती वेळा उठला म्हणजे बरा, मला ठाऊक नाही.
हजारदा उठला तरी हजार एकावी वेळ उरतेच.
तिला तसंच सांगितलं, आढेवेढे न घेता.

ती चहात जॅम ढवळत राहिली.
"नवा कळप आला की मी एकवीस दिवस वेगळा कोंडते."
एकवीस दिवसांनी खात्री होते?
"छे. पण तेवढ्यात मालकाला
फाटक उघडायचा धीर येतो."

पैसे मोजून ठेवले, लॅपटॉप पुन्हा कोटात गेला.

एकोणिसाव्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव.
मी लगेच उचलला नाही.
एक, दोन, तीन,
आठपर्यंत गेलो.

तिला प्रिंटरचं विचारायचं होतं.