ट्रॅक दोन

सहा डिस्क वाया गेल्या.
लिविओकाकानं त्या अंजिराला टांगल्यात,
पाखरं बुजावीत म्हणून.
ट्रिएस्टचा वारा त्यांना दिवसभर गरगरवतो.

पहिलीवर अक्षरं चित्रातच थिजलेली.
"तिच्या हनुवटीवर कशाला लिहिलंस?
मागितलं तर यावं, नको म्हटलं की जावं."

मग वेगळा ट्रॅक केला.
प्लेअर म्हणे, दोनपैकी एक,
आणि पडद्यावर काही नाही.
तीन रात्री डोकं फोडलं.
अक्षरं तिथंच होती.
रंगांच्या तक्त्यात मीच त्यांना
पारदर्शक ठेवलं होतं.

झ्द्राव्कामावशी बटाटे सोलते, बोलते
स्लोव्हेन, जी कॅमेऱ्यामागच्या नवऱ्याला
चाळीस वर्षांत आली नाही.
मी सगळं इटालियनमध्ये उतरवलं,
अगदी शेजारणीची उणीदुणीसुद्धा.
एक ओळ तेवढी गाळली.
चौदाव्या मिनिटाला, सालींकडे बघत:
"याला कळत नाही तेच बरं.
म्हणून तर याला सगळं सांगते."

सातवी चालली.
पिवळी अक्षरं, ओठांच्या किंचित मागे.
चौदाव्या मिनिटाला काकानं रिमोट दाबला.
"इथं ओठ हलतात. खाली काही नाही."
वारा होता, मी म्हटलं, ऐकू आलं नाही.
"स्वयंपाकघरात?"

आठवी बर्न होतेय. एकोणसाठ टक्के.
ओळ घातली आहे.
काका बाहेर, अंजिराखाली,
सातवीत सुतळी ओवतोय.
तिथूनच ओरडला:
बंद करायचं बटण कुठलं,
तेही दाखवून ठेव.