डावी बाजू

उत्तरेश्वर पेठेत सायकलच्या दुकानावर माझी खोली.
खाली दिवसभर कुणी ना कुणी चाकात हवा भरत असतं,
वर मी गालात.

फोटोवर चौकटी आखते, कागदावर त्याच्या चौपट.
मग एकेका चौकटीत
नाकपुडीचा पाव तुकडा, ओठाचा कोपरा,
कानामागचं काजळाचं बोट.
पोर कुणाचं, ते शेवटी कळतं.
आधी नुसता उजेड आणि काळोख,
टू-बी आणि फोर-बी.

लोक म्हणतात, पडलेला दात भरून द्या.
म्हणतात, रंग जरा उजळ धरा,
आणि शिसपेन्सिलीला रंग कुठला, हे मी
चहा पाजून समजावते.
गंगावेशीतल्या एका आत्यानं शेंबूड पुसून मागितला.
तेवढा पुसला.
दात नाही भरला.

वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे.
शिडीच्या टोकावरून
वीस फुटी नायिकेच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचे.
मला म्हणाले, कागदावर तो द्यायचा नसतो,
राखायचा असतो.

मार्चमध्ये चिखलीहून आकाराम पोवार आले.
पिशवीत रुमाल, रुमालात फोटो.
महापुरात फ्रेम साताठ दिवस पाण्याखाली,
काचेवरून सोडवताना
पोरीची डावी बाजू काचेलाच राहिली.
उरलं अर्धं कपाळ, एक डोळा, अर्धं हसू,
मागे कुणाचा तरी पायजमा,
आणि झबल्यावरचं बदक. ते मात्र अख्खं.

"चार वर्साची हाय ह्यात. हुईल काय?"

मी जपून विचारलं, पोरगी...?

"खाली गाडी लावतीय."

आली. हेल्मेट काखेत, वीस-एकवीसची, नाव रेणुका.
दूध संघातून अर्धी सुट्टी काढलेली,
घड्याळ बघत खिडकीशी बसली,
डावा गाल माझ्याकडे.
मी तो मागे मागे नेत राहिले.
हनुवटी खोडली, नाक खोडलं,
नाकाचं हाड त्या वयात वर आलेलंच नसतं.
"माझा कान असाच होता का?" तिनं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.

आकाराम म्हणाले, "हितं खोक हुती.
गिरणीच्या पायरीवर आपटल्याली."
मी पेन्सिल टेकवली. इथं?
"न्हवं. जरा आत."
इथं?
"न्हवं ओ."
मग ते उठले. चष्मा काढला, डोळे मिटले
आणि लेकीच्या भुवईवर अंगठा ठेवला.
सरकवला. परत आणला. थांबवला.
"हितं."

ती हलली नाही.
खालचा पंप तेवढा चालू होता.
किती वर्षांनी, हे मी विचारलं नाही,
तिच्या मानेवरून कळलं.

उजव्या डोळ्यात उजेडाचा ठिपका होता.
भिंगाखाली धरला तर त्यात एक काळा कण,
दारात कुणी उभं असावं तसा.
फोटो कुणी काढला होता?
"हिच्या आईनं. मेव्हण्याचा कॅमेरा.
मी मागं हुतो, माझं डोस्कंच कापलं तिनं."
हसले. मग म्हणाले,
"ती सोता कुठल्याच फोटोत न्हाई."

डाव्या डोळ्याला कशाचाच आधार नव्हता.
तो मी रात्री केला, दुकान बंद झाल्यावर.
ठिपका राखला.
मग पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासघासून
राखलेल्या जागेत
एकदाच टेकवलं.

कान अंदाजानं काढला.

रेणुकानं पैसे फोनवरून दिले,
दोनशे कमी करून घेतले,
आणि जिन्यात थांबून गुंडाळी पुन्हा उघडली.
बराच वेळ काहीच नाही.
मग ऐकू आलं,
"आप्पा, बदक लई भारी आलंय."