अर्धविराम

अप्पा बळवंत चौकात, वह्यांच्या दुकानावर
आमचं ऑफिस: तीन खुर्च्या, एक पंखा,
आणि खिडकीतून दिसणारी एकेरी वाहतुकीची पाटी.
तिच्यावरचा बाण कुठल्याशा टेम्पोने
धक्का देऊन आभाळाकडे वळवलाय.

मंगळवार पेठेतल्या एका हॉस्पिटलचं पान करत होते.
पेशंटने कुठून कुठे जायचं, एवढंच:
केस पेपर → रक्त → एक्स-रे → डॉक्टर → औषधं → घरी.
बाण मी दुसरीकडून उचलून तसेच चिकटवले
आणि सर्व्हरने एकेकाचे तीन तुकडे केले:
टोपी घातलेला ए, एक खंजीर,
आणि हवेत लटकलेला स्वल्पविराम.
'रक्त' आणि 'एक्स-रे'च्या मधोमध खंजीर!
भोरहून एका बाईंचा फोन आला म्हणे,
"नेमकं किती काढणार आहात?"

प्रुफं बघायला वाळिंबेकाका येतात.
छत्तीस वर्षं शनिवारात खिळे जुळवले त्यांनी.
पडद्यावरचं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही,
प्रिंट काढून द्यावी लागते.
लाल पेन्सिल घरून आणतात, जातानाही नेतात.
प्रत्येक खंजिराला त्यांनी गोल केला
आणि समासात लिहिलं: बाण?

मी दाखवलं, बाणाला नावाने हाक मारायची असते.
आधी अँपरसँड
(ही तर निरगाठ, ते म्हणाले),
मग आर, ए, डबल आर,
शेवटी अर्धविराम.
तो विसरला तर बाण सुटत नाही.
नुसतं नाव उभं राहतं पानावर
नेम धरून ताटकळलेल्या माणसासारखं.

"आणि डावीकडचा?"
त्याचं नाव वेगळं. वरच्याचं वेगळं, खालच्याचं वेगळं,
दोन्हीकडे टोक असलेल्याचं आणखी वेगळं.
शिवाय प्रत्येकाला नंबर.
उजवा आठ हजार पाचशे चौऱ्याण्णव,
डावा त्याच्या दोन घरं अलीकडे.

काका हसले.
आमच्याकडे बाणाचा एकच खिळा होता.
चिमट्यात धरायचा आणि फिरवायचा.
सकाळी वेळापत्रकात तो सासवडला जायचा,
दुपारी जाहिरातीत
साड्यांच्या दुकानात शिरायचा.
एकदा हरवला,
तर दोन दिवस पुण्यात
कुणाला कुठे जायला वाटच नव्हती.

चहा आला, निवला.
'घरी'च्या आधीच्या बाणावर त्यांनी पेन्सिल टेकवली
आणि ती उचललीच नाही.
हा पुढचा टप्पा नाही गं, म्हणाले.
हे परत फिरणं आहे.
टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे ढकलतो ना,
तसा मोडता बाण असतो का तुमच्यात?
मागल्या साली सतरा दिवसांनी काकूंना घरी आणलं,
एकेरी रस्त्यांपायी रिक्षाने निम्मं शहर फिरवलं,
आणि काकू दारात चप्पल काढताना म्हणाल्या,
पोचलो म्हणू नका. आलो म्हणा.

शोधला. होता.
आठ हजार सहाशे एकोणतीस.
घातला: औषधं ↵ घरी.
काकांनी पेन्सिल कानावर ठेवली.

हॉस्पिटलचे शिरोळे म्हणाले,
बाकीचे सरळ आणि हाच वाकडा का?
सगळे सारखे करा.
केले.

फक्त त्या ओळीच्या वर, टिपणीत,
जिथलं पानावर काहीच दिसत नाही,
तिथे तो मोडता बाण ठेवलाय.
ब्राउझर तो बघतो
आणि बघितलंच नाही असं दाखवतो,
जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यासारखा.
काकांना सांगितलेलं नाही. प्रुफात ते येत नाही.
तिथे अर्धविराम असला काय, नसला काय,
काहीच सुटणार नाहीये.

तरी घातला.