सातवी चिठ्ठी

मत द्यायला आम्ही सात जण होतो,
ऐरोलीच्या मैदानामागे, मंडपवाल्याच्या खोलीत.
खुर्च्या पाच, म्हणून दोघे गाद्यांच्या थप्पीवर.
मोसमातली सर्वोत्तम नवी कबड्डीपटू.
चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात,
ज्यात दुपारपर्यंत शंकरपाळे होते.
माझी सातवी.
तोवर तीन-तीन.

मी रुचिरा मोहितेचं नाव लिहिलं.
का लिहिलं, हे अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही,
म्हणून सांगतो.
रुचिरा चढाईला निघाली
की फोटोग्राफर उठून उभे राहायचे.
तिच्या नावाला मथळा बसायचा.
‘वाघीण’ हा शब्द मी त्या मोसमात
अकरा वेळा छापला, नंतर मोजलं.
चढाई दिसते हो.
एकटीच जाते, एकटीच येते,
दम घुमत राहतो, गुण फलकावर चढतो.
पकड म्हणजे नुसता ढिगारा.
ढिगाऱ्याच्या तळाशी घोटा कुणाच्या हातात होता
हे पत्रकारांच्या टेबलावरून दिसत नाही.
त्यात त्या टेबलावर गरम भजी यायची.

तळाशी हात असायचा करुणा मढवीचा.
गोठिवलीची. डावा कोपरा.
अर्धा मोसम उलटल्यावर संघात आली,
आधीच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून.
नऊ सामने खेळली. मी त्यातले दोन पाहिले,
पूर्ण एकच.
‘नऊच सामने,’ मी डब्याशी म्हणालो होतो,
‘एवढ्यावर काय ठरवायचं?’
आणि ठरवलं.

गंमत तर पुढेच आहे.
रुचिरा नवी नव्हतीच.
आदली दोन वर्षं सांगलीकडून खेळली होती.
हे नोंदवहीत होतं,
नोंदवही कपाटात होती,
कपाटाची किल्ली खंडागळ्यांकडे
आणि खंडागळे त्या रात्री भाच्याच्या साखरपुड्याला.
आम्हाला तीन महिन्यांनी कळलं.
सातांपैकी एकानेही छापलं नाही.

परवा मालमत्ता कर भरायला गेलो
तर चार नंबरच्या खिडकीत करुणा.
चष्मा लागलाय. करंगळी अजून वाकडी.
मी खिडकीत वाकून म्हटलं,
ते सातवं मत माझं होतं. चुकलं.
ती नोटा मोजत होती,
मोजून झाल्यावर वर पाहिलं.
‘कसलं मत?’

मग पावतीवर शिक्का मारताना:
‘उपांत्य सामन्याचं तुम्हीच लिहिलं होतं ना?
शेवटच्या चढाईला पंच चुकले म्हणून?
पंच बरोबर होते.
घोटा माझ्या हातातून सुटला होता.
आठवडाभर मी तो पेपर लपवला घरात.
आई म्हणाली असती, बघ, तुझी नव्हतीच चूक.
तेवढं दुरुस्त करा, जमलं तर.’

पेपर बंद पडून सात वर्षं झाली,
हे मी बोललो नाही.
माझ्यामागे रांग होती.
‘पुढचे,’ ती म्हणाली.

घरी येऊन माळ्यावरची वही काढली.
पान चोवीस. शेवटच्या चढाईसमोर
माझ्याच अक्षरात, घाईत:
सुटला?
प्रश्नचिन्हासकट.
त्यावर भज्याच्या तेलाचा डाग,
इतका आरपार
की मागच्या पानावरची वाघीण
उलटी वाचता येते.