कुठे मुरतंय पाणी

चल्लापातात पाणी लवकर उकळतं.
उंचीच तेवढी. बटाटे शिजता शिजत नाहीत
आणि इंजिन तापायला एक चढ पुरतो.
म्हणून मी आधी झाकण बघते रेडिएटरचं.
रबर ठीक. स्प्रिंग ठीक.

फर्मीन कोल्केच्या जुन्या टोयोटाचा काटा
लाल पट्टीला टेकलेला, मागे पाण्याचे सात कॅन.
"दर चाळीस किलोमीटरला पाजतो," म्हणाला,
म्हाताऱ्या खेचराबद्दल सांगावं तसं.
"रात्री गोठू नये म्हणून बादलीत काढतो,
सकाळी परत ओततो."
किती महिने?
बोटं मोजली त्याने. मग मोजायचं सोडून दिलं.

गाडी निवू दिली.
हातपंप लावून दाब भरला
आणि कोकाची पानं चघळत
आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो.
उतरत होता. केसभर. पुन्हा केसभर.
खाली अंथरलेला पुठ्ठा मात्र कोरडा ठणठणीत.
होज दाबून पाहिले,
पंपाच्या पोटाखालून बोट फिरवलं,
तेलाची काडी ओढली: काळं तेल, दुधाळ नाही.
धुरातही पांढरं काही नव्हतं.
कुठेतरी मुरत होतं पाणी.

"काच आतून धुरकटते का?"
"धुरकटते की. मला वाटलं,
माझाच श्वास."

शेजारच्या सीटचं दार मी उघडलं.
उघडेना आधी; खांदा लावावा लागला.
आत गोडसर वास, करपल्या काकवीचा.
पायाखालचा गालिचा उचलला
तर गंजाच्या रंगाचं पाणी, बोटभर,
आणि त्यात केसांचा एक चाप.

हीटरची जाळी फुटली होती.
गळत होती थेंब थेंब, त्याच जागी,
जिथे आता कुणाचे पाय नसतात.

"इलारियाने पहिल्याच दिवशी
आकाशपाताळ एक केलं असतं," फर्मीन म्हणाला.
"मोजे ओले झालेले तिला खपायचे नाहीत."

नवी जाळी ओरुरोहून यायला पंधरा दिवस.
तोवर मी दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकले.
गाडी तापणार नाही, म्हटलं, पण
तुलाही ऊब मिळणार नाही. घोंगडी घे.

पुन्हा दाब भरला.
काटा जागचा हलला नाही.
मी हात धुतले, झालं म्हणाले, पैसे सांगितले.
तो चाप विजारीला पुसत
काट्याकडे बघतच राहिला.