बादलीची रेघ

जुहूच्या या बंगल्यातल्या पूलमध्ये
वर्षभर कोणी उतरलेलं नाही.
तरी मी मंगळवारी येतो, शुक्रवारी येतो.
बदामाची पानं जाळीनं उपसतो,
टाइलच्या कडेचा बुळबुळीतपणा घासतो,
पट्टी बुडवून बघतो:
गुलाबी चढली की ॲसिड,
फिकी पडली की क्लोरीन.

परवा पाणी दोन बोटं खाली.
"उन्हात उडालं असेल, इनास," दारूवाला बाई म्हणाल्या.
मी पायरीवर बादली ठेवली, पूलच्याच पाण्यानं भरून.
तेलखडूनं रेघा मारल्या, एक आत, एक बाहेर.
ऊन दोघांना सारखंच.

शुक्रवारी बादली जेमतेम उतरलेली,
पूल मात्र चांगलाच.

शाईचा थेंब सोडला दिव्याच्या खोबणीपाशी.
निळा धागा सरळ भिंतीत शिरला.
केसाएवढी चीर.
आज मूठभर पुट्टी,
पावसाळ्यानंतर अख्खी भिंत खोदायची.

"कोण पोहणारे आता," बाई म्हणाल्या,
पण पैसे काढून दिले.

पुट्टी मळली, श्वास कोंडला, खाली गेलो.
अंगठ्यानं दाबत होतो चीर
तेव्हा पाण्यातून अंधूक ऐकू आलं:
काठावर बाई मोठ्यानं आकडे मोजत होत्या,
केर्सीसाहेबांसाठी मोजायच्या तसे.

एकोणचाळीसला वर आलो.
त्या थांबल्या नव्हत्या.