एक ते पाच

दवाखान्यातली नवी बाई कागद पुढे सरकवते.
म्हणते, बरोबर-चूक काही नसतं यात,
मनात येईल तो आकडा लिहा.
'संकटातून मी लवकर सावरते.'
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी.

बाहेर चिलोएचा पाऊस, आडवा,
छपराला चुकवून काचेवर येणारा.

सावरते म्हणजे काय, बाई?
ऑक्टोबरात वडिलांची होडी परत आली, वडील आले नाहीत.
रोसामेलनं ती ओढून वाळूवर पालथी घातली
आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या फटी बुजवत बसला.
चार महिने कुणाशी बोलला नाही.
ओदिलिया हसली.
नऊ रात्रींच्या प्रार्थनेत, पाचव्या रात्री,
एदुविना आत्याच्या टोपीवर मेणबत्ती ठिबकत होती
ते बघून खो खो हसली. थोबाडीत खाल्ली, तरी हसली.
मी बटाटे मोजले.
आधी पोती. मग पोत्यांतले.

एकाच चुलीवर शिजलो आम्ही तिघं,
कच्चं कोण राहिलं, कोण करपलं,
आईनं कधी झाकण उघडून पाहिलं नाही.
स्वभावाला औषध नाही, एवढंच म्हणाली,
आणि तिघांना तीन वेगळी कामं दिली.

समुद्र तोवर कुंपण खाऊन
डुकरांच्या खोपटापर्यंत आला होता.
आमच्याकडे अशा वेळी माणसं घर सोडत नाहीत,
घर घेऊन जातात.
मोडून नाही. अख्खं.
खिडक्या काढायच्या, खाली ओंडके सरकवायचे,
गावचे बैल जुंपायचे.
पैसे कुणी घेत नाही. पोटभर जेवतात,
आणि उद्या त्यांचं घर निघालं की आपले बैल मागतात.

म्हातारा फिदेलियो चिग्वाय भिंतींवर बोटं वाजवत फिरला.
खिळे कमी आहेत, म्हणाला, बरं झालं.
लाकडी खुंट्या करकरतात खऱ्या,
पण करकरून जागा देतात.

आठ बैलजोड्या. भरतीची वेळ.
आयुष्यभर आईनं ते घर चालवलं,
त्या दिवशी ते आपलं आपण चाललं,
चिखलातून, मग पाण्यात,
बुडाशी पिंपं बांधून, दोन बोटींच्या मागे.
आई उतरली नाही.
विझलेल्या शेगडीपाशी खुर्ची टाकून बसली.

खाडीच्या मध्यावर घर डावीकडे कललं.
चाळीस माणसं, चाळीस तोंडं बंद.
तेव्हा ओदिलिया ओरडली,
आई, चहा सांडू नकोस गं!
आणि सगळे हसले, हसता हसता हात सैल झाले,
आणि रोसामेल बोलला.
'डावा दोर सोडा.'
चार महिन्यांतले पहिले तीन शब्द.
सोडला. घर हळूच सरळ झालं,
जसं कुणी कुशीवर वळावं.

मी?
डाव्या बाजूला एक पिंप कमी होतं.
सकाळी मोजलं होतं मी, दोनदा.
कुणाला सांगितलं नाही.
मला वाटलं, मोजणाऱ्याचं कोण ऐकतं.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बाई,
तुमच्या कागदावर त्यासाठी ओळही नाही.

पलीकडच्या काठावर घर टेकलं ते उलटं.
स्वयंपाकघराची खिडकी टेकडीऐवजी समुद्राकडे.
आईनं तिच्यावर घोंगडी ठोकली.
दीड वर्षानं ती धुवायला काढली,
वाळली, घडी घातली,
आणि परत लावायची विसरली.
विसरली, असं ती म्हणते.

'मला घरच्यांचा आधार आहे.'
पाचच्या वर आकडा नाही का?
जोड्या आठ होत्या.

'मला रात्री शांत झोप लागते.'
एक लिहिणार होते.
पण पलीकडच्या खाटेवर ओदिलिया झोपेतही हसते
आणि दचकून जागी झाल्यावर मी ते ऐकत पडते,
म्हणून दोन.